आजोबांच्या वहीतल्या कोऱ्या जागा: विश्वामित्रीच्या पाण्यावर आरमध्ये केलेल्या कामाच्या नोंदी

८ जून २०२५, रविवार, बडोदे

आजोबांच्या वह्या आज पोटमाळ्यावरून खाली आल्या. १९९८ ते २०१९, बावीस पावसाळ्यांच्या बावीस वह्या. निवृत्त झाले त्या जूनपासून त्यांचा नेम होता. सकाळी साडेआठला गच्चीवरच्या पर्जन्यमापकातलं पाणी मोजायचं, मग दांडिया बाजारातून कोठीवरून चालत काळ्या घोड्याच्या पुलावर जायचं, विश्वामित्रीचं पाणी किती फुटांना टेकलंय ते बघायचं आणि घरी येऊन लिहायचं. साडेआठची वेळ हवामान खात्याची. खात्याच्या हिशेबात एका दिवसाचा पाऊस म्हणजे आदल्या सकाळी साडेआठपासून आज साडेआठपर्यंत पडलेला. १ जून ते ३० सप्टेंबर, वर्षाला १२२ दिवस. एकूण २,६८४ ओळी होतील.

वहीत तीन रकाने: तारीख, पाऊस मिलिमीटरमध्ये, पातळी फुटांत. समासात बारीक अक्षरात आणखी काही: ‘मगर दिसली’, ‘पाणी गढूळ’, ‘आजवा भरत आला’.

मला एका प्रश्नाचं उत्तर हवंय. आजोबा नेहमी म्हणायचे, ‘‘बडोद्याचा पूर बडोद्याच्या पावसानं येत नाही, पावागढच्या पावसानं येतो.’’ विश्वामित्री पावागढच्या डोंगरात उगवते. सयाजीरावांच्या काळात बांधलेल्या आजवा तलावाचं सोडलेलं पाणीही तिलाच येऊन मिळतं. त्यामुळे शहरात ऊन असतानाही नदी चढू शकते. काळ्या घोड्यापाशी धोक्याची पातळी २६ फूट. तर प्रश्न असा: आमची गच्ची कोरडी आणि नदी २६ फुटांवर, असे दिवस किती?

काम आर या आकडेवारीसाठीच्या संगणकभाषेत करणार आहे. एम.एस्सी.ला असताना ती शिकले होते, नंतर हात सुटला. या नोंदींत फंक्शनांची नावं मी बोलते तशी देवनागरीत लिहीन आणि रकान्यांची मराठीत. खुणा मात्र आहेत तशाच: & म्हणजे आणि, | म्हणजे किंवा, ! म्हणजे नाही, == म्हणजे ‘इतकंच आहे का?’.

१० जून, मंगळवार

वटपौर्णिमा. आईचा उपास, म्हणून स्वयंपाकातून लवकर मोकळी झाले. २००३ची वही टाइप करून संपली. मावसभाऊ आणि चुलतबहीण यांनीही वह्या वाटून घेतल्यात.

१५ जून, रविवार

सगळ्या वह्या एका फाइलीत आल्या. आरमध्ये घेतल्यावर पहिली चाचणी अगदी साधी:

पातळी > २६

एवढं लिहिलं की आर प्रत्येक ओळीसाठी ट्रू किंवा फॉल्स देतो. मोजणीत ट्रूचा १ आणि फॉल्सचा ० धरतो, म्हणून बेरजेचं फंक्शन सम(पातळी > २६) लिहिलं की दिवस मोजून मिळतात. तर उत्तर आलं हजाराच्या पुढे. बावीस वर्षांत हजार दिवस नदी धोक्यावर असती तर शहर उरलं नसतं. यादी उघडून पाहिली. तिच्यात साडेनऊ फूट, आठ फूट, सात फूट पाण्याचे दिवस होते.

अर्धा तास शोधल्यावर कारण सापडलं. आजोबांनी काही दिवशी पातळीच्या जागी ‘पट्टी दिसली नाही’ असं लिहिलंय आणि आम्ही ते प्रामाणिकपणे तसंच टाइप केलं. आरमध्ये एका रकान्यात एकाच जातीच्या गोष्टी राहतात. अडीच हजार आकड्यांत एक वाक्य शिरलं की सगळे आकडे अक्षरं होतात. मग २६ची तुलना करतानाही तो २६ला अक्षरं समजतो आणि शब्दकोशासारखा पहिल्या अक्षरापासून लावत जातो. ९ हा २च्या नंतर, म्हणून "९.५" हे "२६"च्या पुढे. यात तो चूक दाखवत नाही की इशारा देत नाही.

अ‍ॅज.न्यूमरिक लावून पाऊस आणि पातळी दोन्ही रकाने आकड्यांचे करून घेतले. जिथं आकडा करता आला नाही तिथं एनए (‘उपलब्ध नाही’ची खूण) भरल्याचा इशारा आला. आता उत्तरं बेताची वाटतात.

१७ जून, मंगळवार

मावसभावाचा फोन: ‘‘जून आणि सप्टेंबरचे दिवस वेगळे काढून पाठव, टाइपिंग तपासतो.’’ त्याचं वाक्य मी जसंच्या तसं लिहिलं:

महिना == ६ & महिना == ९

एकही ओळ आली नाही. बरोबरच आहे. ‘जून आणि सप्टेंबर’ म्हणताना आपल्या मनात दोन ढीग एकत्र करायचे असतात. & ला ढीग दिसत नाहीत. तो एकेका ओळीपाशी जाऊन विचारतो, तू जूनची आहेस आणि शिवाय सप्टेंबरचीही आहेस का? अशी ओळ कुठून येणार? बोलण्यातला ‘आणि’ इथं ‘किंवा’ होतो.

मग घाईत लिहिलं:

महिना == ६ | ९

सगळ्या २,६८४ ओळी आल्या. इथं आर आधी ‘महिना == ६’ बघतो, मग त्याला ‘किंवा ९’ जोडतो. नुसता ९ म्हणजे शून्य नसलेला आकडा, आणि शून्य नसलेला कुठलाही आकडा तर्काच्या जागी ट्रू धरला जातो. ‘काहीतरी किंवा खरं’ हे नेहमीच खरं.

तिसरा प्रयत्न सर्वांत धोक्याचा निघाला:

महिना == सी(६, ९)

सी() कंसातल्या आकड्यांची यादी करतो. याला ६६० ओळी आल्या, इशारा नाही. ३० दिवस गुणिले २२ वर्षं म्हणजे ६६०, आकडा ओळखीचा वाटला आणि क्षणभर पटलाही. पण तो फक्त जूनचा आकडा झाला, दोन्ही महिन्यांचे १,३२० हवेत. झालं असं की आरने ६, ९, ६, ९ अशी जोडी रकान्याच्या शेवटपर्यंत आळीपाळीने फिरवली. पहिल्या ओळीला विचारलं सहा का, दुसरीला विचारलं नऊ का. त्यामुळे जूनचे विषम ओळींतले पंधरा दिवस आणि सप्टेंबरचे सम ओळींतले पंधरा दिवस, दर वर्षी तीसच. एकूण ओळींची संख्या विषम असती तर लांबी जुळत नाही असा इशारा तरी मिळाला असता. २,६८४ सम आहे.

खरा उपाय %इन%:

महिना %इन% सी(६, ९)

यात प्रत्येक ओळीचा महिना त्या यादीत कुठंही आहे का, एवढंच विचारलं जातं. १,३२० ओळी. भावाला पाठवल्या.

रात्री आजीनं विचारलं, ‘‘दूध घेतेस की ताक?’’ तेव्हा लक्षात आलं की मराठीत यासाठी दोन वेगळे शब्द आहेत. ‘की’ म्हटलं की दोनांपैकी एकच, ‘किंवा’ म्हटलं की दोन्ही असले तरी चालेल. आरमधली | ही उभी रेघ म्हणजे आपला ‘किंवा’. ‘की’ हवा असेल तर एक्सऑर नावाचं वेगळं फंक्शन आहे, ते दोघांपैकी नेमकं एक खरं असेल तरच ट्रू देतं.

२० जून, शुक्रवार

मावसभावाकडे आर ४.१ आहे, माझ्याकडे ४.४. त्यानं माझ्या प्रश्नाचं उत्तर स्वतः काढून बघायला इफ वापरलं आणि & दोनदा लिहिला:

इफ (पाऊस == ० && पातळी >= २६)

त्याच्याकडे ‘असा दिवस नाही’ असं उत्तर आलं. तीच ओळ माझ्याकडे चालवली तर लाल अक्षरांत चूक.

एकेरी & संपूर्ण रकान्यावर ओळीओळीने चालतो. दुहेरी && एकाच खऱ्याखोट्यासाठी आहे. त्याला अख्खा रकाना दिला तर जुना आर फक्त पहिली ओळ बघायचा आणि बाकीच्या गुपचूप सोडून द्यायचा. म्हणजे भावाच्या संगणकानं १ जून १९९८ हा एक दिवस पाहून बावीस वर्षांचा निकाल दिला. एप्रिल २०२२मध्ये आलेल्या ४.२पासून इफला अनेक खरीखोटी दिली तर तो अडतो, आणि एप्रिल २०२३च्या ४.३पासून && स्वतःच चूक म्हणून थांबतो. भावाला आजच नवीन आवृत्ती घ्यायला लावली. थांबणारं साधन मला हवं, चुकीचं उत्तर शांतपणे देणारं नको.

&& निरुपयोगी मात्र नाही. डावी बाजू खोटी निघाली तर तो उजवी बाजू बघतच नाही. ‘फाइल जागेवर असेल आणि तिच्यात ओळी असतील तर’ अशा ठिकाणी हेच हवं असतं. नसलेली फाइल उघडायला जाण्याचा प्रश्नच येत नाही.

२२ जून, रविवार

आज मुख्य प्रश्न विचारला.

सबसेट(वही, पाऊस == ० & पातळी >= २६)

चार ओळी आल्या. छापून आजीला दाखवल्या. तिला संगणकातलं कळत नाही, पण बावीस वर्षं रोज सकाळी छत्री हातात देऊन आजोबांना पाठवणारी तीच. तिनं चष्मा लावून चार तारखा वाचल्या आणि विचारलं, ‘‘आणि नदी चढलेले सगळेच दिवस कुठंयत? पावसाचे-बिनपावसाचे?’’

पाऊस सोडून फक्त पातळी >= २६ची यादी काढून दिली. ती तारखांवर बोट फिरवत शेवटपर्यंत गेली.

‘‘एकोणीस सालचा कुठंय?’’

मी पुन्हा पाहिलं. ३१ जुलै २०१९ला शहरात एका दिवसात जवळपास पाचशे मिलिमीटर पाऊस कोसळला होता आणि मगरी वस्त्यांमध्ये शिरल्या होत्या. बडोद्यात त्या दिवशी असलेला कुणी तो विसरणार नाही. माझ्या यादीत त्या आठवड्यातला एकही दिवस नव्हता. २००५च्या जूनअखेरीचा पूर नव्हता. सप्टेंबर २०१४चाही नव्हता. नदी २६ फुटांवर गेलेल्या दिवसांची यादी, आणि तिच्यात मोठे पूरच नाहीत.

सबसेट सोडून चौकोनी कंसाने तीच अट लावून पाहिली: वही[पातळी >= २६, ]. आता पडद्यावर खऱ्या ओळींच्या मध्ये मध्ये एनए, एनए, एनए अशा रिकाम्या ओळी उगवल्या, तारखेसकट एनए. सबसेटने त्या मला न सांगता गाळल्या होत्या. चौकोनी कंस त्या निदान समोर आणून ठेवतो.

मूळ वही काढली. १ ऑगस्ट २०१९, म्हणजे ३१ जुलैच्या पावसाचं माप ज्या सकाळी घ्यायचं ती. पावसाच्या रकान्यात आजोबांनी लिहिलंय: ‘बाटली भरून वाहिली’. पातळीचा रकाना कोरा. दुसऱ्या दिवशी कोरा. तिसऱ्या दिवशीही कोरा.

‘भरून वाहिली’ हे अ‍ॅज.न्यूमरिकला कळलं नाही, त्यानं तिथं एनए घातलं. पंधरा तारखेचा इशारा हाच होता, मी तो वाचून पुढे गेले होते. बावीस वर्षांतला सर्वांत मोठा पाऊस मी माझ्या हातानं पुसला. आणि पातळी कोरी, कारण गल्लीत गुडघाभर पाणी असताना त्र्याऐंशी वर्षांचा माणूस पुलापर्यंत जाणार कसा? नदी सर्वांत वर असते त्याच दिवशी ती मोजता येत नाही. कोऱ्या जागा इकडेतिकडे सांडलेल्या नाहीत, त्या पुरांवरच साचल्या आहेत. त्या गाळल्या की पूरच गाळले जातात.

रात्री झोप लागली नाही.

२३ जून, सोमवार

एनए म्हणजे शून्य नाही आणि खोटंही नाही. ‘माहीत नाही’. आरमध्ये तर्काच्या किमती दोन नसून तीन आहेत: खरं, खोटं, माहीत नाही. आज सकाळी सगळ्या जोड्या एकेक करून चालवून पाहिल्या आणि वहीत मांडल्या.

माहीत नाही आणि खोटं = खोटं. माहीत नाही आणि खरं = माहीत नाही. माहीत नाही किंवा खरं = खरं. माहीत नाही किंवा खोटं = माहीत नाही. आणि ‘माहीत नाही’च्या आधी ! लावला तरी ते माहीत नाहीच राहतं.

हे पाठ करायची गरज नाही, घरगुती उदाहरणानं पटतं. आईनं ठरवलंय, काका आले आणि त्यांनी सुरण आणला तरच आज सुरणाची भाजी. काका आलेत का ते मला ठाऊक नाही, पण घरात सुरण नाही हे पक्कं दिसतंय. तर भाजी होणार नाही, काका आलेत की नाही हे विचारायलाही नको. उलट सुरण दिसतोय, तर मात्र काकांबद्दल कळल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. आर नेमका असाच विचार करतो. जिथं अज्ञानानं फरक पडत नाही तिथं तो ठाम उत्तर देतो, जिथं पडतो तिथं गप्प राहतो. मला हे फार आवडलं.

एक चूकही केली. कोरे दिवस मोजायला ‘पातळी == एनए’ लिहिलं. सगळं उत्तर एनए. ‘ही न पाहिलेली पातळी आणि ती न पाहिलेली पातळी सारखी आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर माहीत नाही हेच. कोरं आहे का हे विचारायला इज.एनए. त्यानं पातळीतल्या २१३ कोऱ्या जागा सांगितल्या.

२७ जून, शुक्रवार

दोन्ही रकाने भरलेले दिवस वेगळे काढायचे होते. लिहिलं:

!इज.एनए(पाऊस) | !इज.एनए(पातळी)

ओळी अपेक्षेपेक्षा बऱ्याच जास्त. मला हवं होतं ‘ना हे कोरं, ना ते कोरं’. कंसात म्हणायचं तर !(हे कोरं | ते कोरं). कंस सोडवताना मी ! आत नेला पण | तशीच ठेवली. ‘नाही’ आत गेलं की ‘किंवा’चा ‘आणि’ होतो आणि ‘आणि’चा ‘किंवा’:

!इज.एनए(पाऊस) & !इज.एनए(पातळी)

हा नियम ऑगस्टस डी मॉर्गनच्या नावानं ओळखला जातो. त्याचा जन्म मदुराईचा, २७ जून १८०६. आजची तारीख लिहिताना ते आठवलं. दिल्लीच्या मास्टर रामचंद्रांचा गणिताचा ग्रंथ १८५९मध्ये लंडनला पुन्हा छापला गेला तो याच डी मॉर्गनच्या पुढाकारानं. कॉलेजात नियम शिकवला तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर तो नियम मला परका वाटला नसता.

आणखी एक. & आणि | एका ओळीत आले तर आर आधी & सोडवतो. ‘आज जोराचा पाऊस | काल जोराचा पाऊस & नदी वर’ असं लिहिलं तर नदीची अट फक्त कालच्या पावसाला चिकटते, आजच्या पावसाचे सगळे दिवस मोकळे सुटतात. यापुढे जिथं दोन्ही खुणा असतील तिथं कंस घालणारच, गरज असो वा नसो.

२९ जून, रविवार

आजी, मी आणि कोऱ्या जागांची छापील यादी. सकाळी दहाला बसलो, दुपारच्या चहापर्यंत बसलो.

आधी एक मोठा घोळ निस्तरला. २००९ ते २०१४च्या वह्यांत पाऊस शून्य असलेला एकही दिवस माझ्या फाइलीत नव्हता. सहा पावसाळे आणि एकही कोरडा दिवस नाही, हे अशक्य. आजोबा पाऊस नसला की आडवी रेघ मारायचे. मावसभावानं आणि मी रेघेचं शून्य केलं. चुलतबहिणीला वाटलं रेघ म्हणजे काही नाही, तिनं जागा रिकामी सोडली. तिची चूक म्हणता येणार नाही, मी आधी सांगायला हवं होतं. आजोबांच्या लेखी रेघ आणि कोरी जागा यांत जमीन-अस्मानाचा फरक होता. आजी म्हणाली, ‘‘रेघ म्हणजे जाऊन बघितलं, पाणी नव्हतं. कोरं म्हणजे बघितलंच नाही. न बघता रेघ मारणं त्यांच्या जिवावर यायचं.’’ आरमधलं शून्य आणि एनए म्हणजे हीच दोन चिन्हं. सहा वह्या पुन्हा मुळावरून तपासल्या.

मग कोऱ्या पातळ्यांची कारणं. आजीच्या आठवणीतून आणि समासातल्या खुणांवरून ‘कारण’ नावाचा नवा रकाना केला. ‘परगावी’: दर वर्षी पुण्याला आत्याकडे आठवडाभर, यातच निम्म्याहून जास्त गेले. ‘आजारी’: २०११च्या ऑगस्टमध्ये मलेरिया. ‘वाट बंद’: रस्त्यात पाणी, घरातून निघताच आलं नाही. ‘पूल बंद’: पुलापर्यंत गेले, पण पोलिसांनी नदीचं पाणी वर आलंय म्हणून पुढं सोडलं नाही. जे तिला आठवलं नाही ते कोरंच ठेवलं. दोन-तीनदा मी ‘बहुधा परगावी असतील’ म्हणाले, तिनं मान हलवली. ‘‘मला आठवत नाही म्हणजे आठवत नाही. लिहू नकोस.’’

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. आजीला मांडवीजवळच्या विठ्ठलमंदिरात नेऊन आणलं, मग दुपारी बसले.

‘वाट बंद’ आणि ‘पूल बंद’ यांना एकच धरायचं का? दोन्ही वेळा शहर पाण्यात. पण वाट शहरातल्या पावसानंही बंद होते, नदी कुठंही असो. पूल नदीमुळेच बंद होतो. म्हणून फक्त दुसरा पुरावा मानला.

नदी_वर <- (पातळी >= २६) | (कारण %इन% "पूल बंद")

या एका ओळीत सगळं जुळून आलं. पातळी कोरी असेल तर डावीकडे ‘माहीत नाही’. उजवीकडे पूल बंद असेल तर ‘खरं’. माहीत नाही किंवा खरं, म्हणजे खरं. परगावचे दिवस माहीत नाहीच राहतात, ते मी जबरदस्तीनं कुठं ढकलले नाहीत. फूट किती होतं हे मी भरलं नाही, कारण ते कुणी पाहिलं नाही. इथं == ऐवजी %इन% घेतला, कारण कारणाचा रकानाही मधूनमधून कोरा आहे आणि %इन% कोऱ्यालासुद्धा ट्रू किंवा फॉल्स यांतलंच उत्तर देतो.

पावसाचंही तसंच. ‘थेंब’ लिहिलेले दिवस कोरडे धरले. हवामान खातं २.५ मिलिमीटरच्या खालच्या दिवसाला पावसाळी दिवस म्हणत नाही, मीही तीच रेघ घेतली. ‘भरून वाहिली’ला आकडा नाही, पण तो दिवस कोरडा नव्हता हे पक्कं, म्हणून कोरडा = फॉल्स. मग १ ऑगस्ट २०१९ची ओळ पाहिली. आजीच्या म्हणण्याप्रमाणे तेव्हा वाट बंद होती, म्हणून वहीपुरती पातळी माहीत नाही. कोरडा मात्र खोटं. खोटं आणि माहीत नाही, म्हणजे खोटं. माझ्या प्रश्नापुरतं त्या दिवसाचं उत्तर ठाम आहे, नदी कितीही असो. पंधरा दिवसांपूर्वीही तो दिवस यादीत नव्हता आणि आजही नाही. तेव्हा तो हरवला होता. आज तो तपासून बाजूला ठेवलाय.

दोन याद्या केल्या. ‘पक्के’: जिथं अट खरी. ‘शक्य’: इज.एनए(अट) | अट, म्हणजे खरी किंवा निदान खोटी ठरलेली नाही. पक्के सात, शक्य त्याहून बरेच जास्त. आजीला दोन्ही छापून दिल्या.

१३ जुलै, रविवार

पाणी एका दिवसात पाच फुटांहून जास्त उतरलं असे दिवस शोधायला ‘फरक<-५’ असं जागा न सोडता लिहिलं. आरला ती < आणि -५ अशी तुलना दिसली नाही, <- हा बाण दिसला, आणि त्यानं फरकाच्या जागी ५ भरून टाकला. फरक पुन्हा काढावा लागला. तुलनेच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची.

१९ जुलै, शनिवार

समासातल्या मगरी. ‘मगर दिसली’ लिहिलं तिथं ट्रू. बाकीच्या ठिकाणी फॉल्स घालायला बोट उचललं होतं, थांबले. लिहिलं नाही म्हणजे दिसली नाही, की त्या दिवशी पाण्याकडे नीट पाहिलं नाही? आजीला विचारलं. ती म्हणाली, मगरीचं ते आवर्जून बघायचे असं नाही, समोर आली तर लिहायचे. म्हणजे न लिहिलेले दिवस एनएच. सम(मगर, एनए.आरएम = ट्रू), म्हणजे एनए वगळून केलेल्या बेरजेवरून, लिहिलेल्या दिवसांची संख्या सांगता येईल, पण ‘शेकडा किती दिवशी मगर दिसते’ हे या वहीतून सांगता येणार नाही. रकाना ठेवला, सरासरी काढली नाही.

२७ जुलै, रविवार

सात पक्क्या दिवसांवर मला समाधान नव्हतं. आज गच्ची कोरडी असली तरी काल शहरात जोराचा पाऊस पडला असेल तर आजचं नदीतलं पाणी पावागढचंच कशावरून? म्हणून कालचा रकाना जोडला:

कोरडा & काल_कोरडा & नदी_वर

कालची किंमत एक ओळ खाली सरकवताना १ जून १९९९च्या ‘काल’मध्ये ३० सप्टेंबर १९९८ येऊन बसला होता. दर वर्षीच्या पहिल्या दिवसाला काल माहीत नाही, एनए. ते दुरुस्त केलं.

पक्के तीन दिवस उरले.

बावीस वर्षांत तीन. आजोबांचं वाक्य यानं सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. वर आणि शहरात एकाच वेळी पाऊस पडला की माझी अट तो दिवस सोडून देते, आणि मोठे पूर बहुतेक तसेच असतात. पावागढ आणि आजव्याच्या पावसाचे रोजचे आकडे शेजारी ठेवल्याशिवाय पाणी कुणाचं हे कळणार नाही. पण आमच्या डोक्यावर दोन दिवस ऊन असताना ही नदी २६ फुटांवर चढते, हे तीनदा घडलंय, तारखेसकट. ते कुणीतरी उभं राहून पाहिलं आहे, किंवा पुलाच्या तोंडाशी अडवला गेला आहे.

आजीनं तीन तारखा वाचल्या. त्यातली एक तिला लख्ख आठवली. ‘‘त्या दिवशी कपडे वाळत घातले होते मी. हे परत येऊन म्हणाले, पूल बंद केलाय. मला वाटलं चेष्टा करतायत.’’

फाइल जतन करताना मूळ रकाने तसेच ठेवले: ‘थेंब’, ‘भरून वाहिली’, ‘पट्टी दिसली नाही’ यांच्यासकट. आकड्यांचे रकाने वेगळे, कारणाचा वेगळा, खऱ्याखोट्याचे वेगळे. कोऱ्या जागा कोऱ्याच.

३ ऑगस्ट, रविवार

१ तारखेपासून नवी वही सुरू केलीय. पर्जन्यमापक आजोबांचाच, बाटली मोठी घेतली. रकाने तीनाचे चार केले, चौथा कारणाचा.

पाऊस: रेघ. पातळी: पाहिली नाही. कारण: आजीला ताप, घरी थांबले.